समेटाचं बाक

त्या शाळेत मुलांना मारायला बंदी होती. कान पिळायला बंदी, वर्गाबाहेर उभं करायला बंदी, आवाज चढवायलासुद्धा बंदी, आणि हे सगळं फाटकाशेजारी पाटीवर ठळक रंगवून ठेवलेलं होतं. चांगलीच गोष्ट आहे, त्याबद्दल कुणाचं भांडण नाही. पण मुलंच एकमेकांना मारायला लागली तर काय करायचं, हे वरच्या साहेबांनी ठरवलं होतं, आणि साहेबांची मुलं दुसऱ्या शाळेत जात होती.

साहेबांनी काढलेला तोडगा म्हणजे समेटाचं बाक. प्रत्येक वर्गात पहिल्या रांगेत, भिंतीला लागून, पिवळ्या रंगाचं एक बाक. ज्या दोन मुलांचं भांडण होईल त्यांनी महिनाभर त्यावर शेजारी शेजारी बसायचं. महिन्यात एकही तक्रार आली नाही तर समेट झाला. तक्रार आली तर महिना पुन्हा पहिल्या दिवसापासून. कुणी कुणाला मारलं हे विचारायचं नाही, दोष शोधला की मनं दुखावतात म्हणे. व्हायचं तेच झालं. वर्षभरात तक्रारी आटल्या, शाळेला वरून प्रशस्तिपत्र आलं, आणि पिवळ्या बाकावरची मुलं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायला शिकली.

खाटकाची मुलगी पाचवीत होती. अंगाने काडी, बोलायला तिखट. तिच्या वर्गात एक दांडगा मुलगा होता. त्याचा बाप पाण्याचा टँकर चालवायचा, म्हणून मुलं त्यालाच टँकर म्हणायची. टँकरने हिची पाण्याची बाटली पळवली, हिने त्याच्या डोक्यात दप्तर घातलं, आणि दोघांची रवानगी पिवळ्या बाकावर झाली.

सतराव्या दिवशी आईला मुलीच्या स्कर्टवर रक्ताचे ठिपके दिसले. आई सरकारी दवाखान्यात प्लास्टरच्या खोलीत मदतनीस होती. डॉक्टर हाड बसवत असताना पेशंटला धरून ठेवणं हे तिचं रोजचं काम, त्यामुळे रक्त बघून हातपाय गाळणारी बाई नव्हती ती. तिने मुलीला न्हाणीघरात नेलं आणि मांडी उघडी करून पाहिली. कर्कटकाच्या टोकाने पाडलेली चौदा भोकं होती. काहींवर खपली धरली होती, काही त्याच दिवशीची होती. कानामागे अंगठ्याएवढ्या जागेत केसच नव्हते, मुळासकट उपटलेले. मुलगी रडली नाही. ती एवढंच म्हणत राहिली की आई, शाळेत सांगू नकोस, तेराच दिवस राहिलेत.

आईने सांगितलं. कुठल्या आईने सांगितलं नसतं? दुसऱ्या दिवशी महिना पहिल्यापासून सुरू झाला आणि मुलीने आईशी तीन दिवस अबोला धरला. त्याच आठवड्यात टँकरने तिची करंगळी बाकाच्या फटीत धरून दाबली. नख काळं पडलं आणि गळून गेलं. या वेळी घरात कुणी तक्रारीचं नाव काढलं नाही.

पण पालकसभा होती, आणि पालकसभेत बोलायला बंदी नव्हती. खाटीक दुकान अर्ध्यावर टाकून आला. अंगाला कामाचा वास होता, शेजारची बाई खुर्ची सरकवून बसली. त्याने उभं राहून सरळ विचारलं, माझी मुलगी त्या बाकावरून कधी उठणार? मुख्याध्यापिका काही वाईट बाई नव्हती. थकलेल्या आवाजात तिने सांगितलं की मुलांना वेगळं केलं की द्वेष वाढतो, तसं परिपत्रक आहे, त्यातली काना-मात्रा मला बदलता येत नाही. दुसऱ्या शाळेत घालायचं म्हटलं तर? तर घर बदला, कारण ज्या भागात घर त्याच भागातली सरकारी शाळा. मग एक शिंपीण उठली. म्हणाली, माझा मुलगा गेल्या वर्षी पाच महिने त्या बाकावर होता, अजून झोपेत दात खातो. मागून कुणीतरी म्हणालं, आमचीही होती. मग आणखी एक. इतके दिवस प्रत्येकाला वाटत होतं, हे आपल्याच घरात आहे.

दोन मिनिटं अशी आली की वाटलं, आता हे सगळे मिळून काहीतरी करणार. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून टँकरवाला म्हणाला, "पोरींनी तोंड आवरलं तर पोरं कशाला हात उचलतील?"

खाटकाने त्याला कॉलरला धरून खुर्चीतून उपसून काढला. टँकरवाला अंगाने दुप्पट होता, त्याने आधी गुडघा मारला, मग कपाळ. खाटकाच्या नाकाचा चुराडा झाल्यासारखा आवाज आला आणि शर्टाची पुढची बाजू लाल झाली. त्याने टँकरवाल्याचं डोकं पाठीमागच्या कपाटावर आपटलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा काच फुटली. खुर्च्या उलटल्या, शिंपीण मधे पडायला गेली आणि तिच्याच बरगडीत कोपर बसलं. चौघांनी मिळून दोघांना ओढलं तेव्हा टँकरवाल्याचा पुढचा दात फरशीवर होता आणि खाटकाच्या मुठीत त्याच्या केसांचा झुपका. पोटचं पोर सहा आठवडे काय भोगतंय ते त्या क्षणी त्याच्या हातात होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी शाळेने कळवलं की पालकांचं भांडण ही तक्रारच धरली जाईल. महिना पुन्हा पहिल्यापासून. खरं म्हणजे त्या दोन बापांनाच पिवळ्या बाकावर बसवायला हवं होतं, पण परिपत्रकात तशी सोय नव्हती.

तेव्हा खाटकाने ठरवलं की आता शाळा नको, साहेब नको, आपलं आपणच बघायचं. त्याला काय येत होतं? एकच गोष्ट येत होती, आणि ती त्याच्याइतकी चांगली त्या सगळ्या बाजारात कुणाला येत नव्हती. नवखा माणूस हाडावर घाव घालत बसतो. हा बोटाने चाचपायचा, जागा सापडली की सुरीचं टोक फिरवायचा, आणि सांधा उघडायचा. सत्तूर त्याला क्वचितच लागायचा.

सुट्टीच्या दिवशी त्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं, मुलीला ठोकळ्यासमोर उभं केलं आणि बकऱ्याचा पुढचा पाय तिच्या हातात दिला. कोपर कुठे असतं, ते कुठल्या बाजूला वाकतं आणि कुठल्या बाजूला वाकत नाही, हे दाखवलं. ठोकळ्याची कड कोपराखाली घ्यायची आणि उलट्या दिशेला अंग टाकायचं. जोर लागत नाही, जागा लागते. मुलीला पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा पाय निसटून खाली पडला. तिसऱ्यांदा कट् असा आवाज आला आणि पाय लोंबायला लागला.

"आवाज आला की जमलं असं समजायचं," बाप म्हणाला.

त्या दुपारी तिने सहा पाय मोडले. शेवटचे दोन तर डोळे मिटून. बाप खूश होता. त्याला वाटत होतं, पोरगी नुसता हात पिरगाळेल, तो कार्टा बोंबलेल आणि पुन्हा वाटेला जाणार नाही. कुणाला पोहायला शिकवावं आणि थांबायचं कुठे ते सांगू नये, तशातलं हे झालं. पण त्या बिचाऱ्याने आयुष्यभर मेलेल्या जनावरावरच काम केलेलं. मेलेलं जनावर ओरडत नाही. ओरडणाऱ्यापाशी थांबायचं असतं, हे शिकवायचं त्याच्या ध्यानातच आलं नाही.

बुधवारी अकराच्या सुमारास त्याची बायको दवाखान्याच्या निळ्या कोटातच दुकानात शिरली. समोर तीन गिऱ्हाइकं होती. तिने नवऱ्याच्या तोंडावर चपराक मारली, आणि तो सावरायच्या आत दुसरी. अजून न भरलेल्या नाकातून पुन्हा रक्त आलं. लग्नाला बारा वर्षं झाली होती, एवढ्या वर्षांत तिने त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

"काय शिकवलंस तू तिला?" ती म्हणाली. "मी धरलं होतं त्या पोराला. मी धरलं होतं."

बाकीचं तिने थांबत थांबत सांगितलं. शाळेच्या शिपायाने एका मुलाला उचलून आणलं होतं, मैदानावर पडला म्हणून. उजवा हात कोपरापासून नको त्या दिशेला वळलेला, हाड कातड्यातून बाहेर आलेलं. पडून असं होत नाही हे तिला बघताक्षणी कळलं. डॉक्टर हाड आत घेत असताना तिने त्याचे खांदे टेबलाला दाबून ठेवले. पोरगा तिच्या मनगटाला चावला आणि मग बेशुद्ध पडला. कागदावर लिहिलेलं नाव तिने नंतर वाचलं. एवढं बोलून तिने बाही वर केली आणि दातांचे वण नवऱ्यासमोर धरले. गिऱ्हाइकं केव्हाच निघून गेली होती.

मुलगी शाळेतून आली ती रोजच्यासारखी. दप्तर खुंटीला लावलं, हातपाय धुतले. बापाने तिला समोर बसवलं. त्याने विचारलं, तो ओरडला नाही का?

"ओरडला ना. खूप ओरडला."

"मग सोडलं का नाहीस?"

मुलीने त्याच्याकडे असं बघितलं की यात विचारण्यासारखं काय आहे. "पण आवाज आला नव्हता, पप्पा," ती म्हणाली.

आई उठून आतल्या खोलीत गेली. तिचं रडणं बाहेर ऐकू येत होतं. बापाला रडूही येईना. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करणार कुणाकडे? मुलीवर ओरडावं तर तिने ऐकलेल्यापेक्षा एक अक्षर जास्त केलं नव्हतं.

पुढचे काही दिवस तो टँकरवाल्याची वाट बघत होता. टँकरचा हॉर्न वाजला की हातातली सुरी थांबायची. शाळेने पोरगा पडल्याची नोंद केली आणि विषय मिटला. वर्गात आता मुलीला कुणी त्रास देत नव्हतं. पिवळ्या बाकावर ती एकटी बसत होती आणि मधल्या सुट्टीत मुलं तिला वाट सोडत होती. हेही तिनेच सांगितलं, जेवता जेवता. सांगताना पोळीचा घास मोडत होती.

नवव्या दिवशी दुपारी टँकरवाला आला. बरोबर मुलगा होता, प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवलेला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. खाटकाने सुरी आणि सत्तूर दोन्ही उचलून मागच्या फळीवर ठेवले, कुणाच्याच हाताला येणार नाहीत असे, आणि हात खाली सोडून उभा राहिला. त्याने मनाशी ठरवलं होतं, हा माणूस जेवढं मारेल तेवढं खायचं. हाडं मोडली तरी चालतील.

"मारा," तो म्हणाला.

टँकरवाल्याने मान हलवली. दात पडला होता तिथून त्याचे शब्द फुसफुसत येत होते. त्याने सांगितलं की डॉक्टर म्हणतात हात पूर्ण सरळ होणार नाही. तक्रार करायला निघालो होतो, फाटकापर्यंत गेलो आणि परत फिरलो, कारण तक्रार केली की महिना पुन्हा पहिल्यापासून. शाळेत पाठवलं नाही तर पटावरून नाव काढतात. म्हणजे सोमवारी याने जायचं, आणि त्याच बाकावर बसायचं, तिच्याच शेजारी. बोलताना तो मुलाच्या डोक्यावरून हात फिरवत होता. याच माणसाने पालकसभेत कपाळ मारून खाटकाचं नाक फोडलं होतं.

"याचा डावा हात चांगला आहे," टँकरवाला म्हणाला. "पोरीला जे शिकवलंत ते यालाही शिकवा. तेवढ्यासाठीच आलोय."

खाटकाला म्हणायचं होतं की आपण दोघं उद्या शाळेत जाऊ, ते बाकच फोडून टाकू, शिंपिणीला घेऊ, बाकीच्यांना घेऊ. तो तसं म्हणायला लागलाही होता. पण मागच्या खोलीत अभ्यास करत बसलेली मुलगी आवाज ऐकून बाहेर आली.

तिला बघताच मुलगा बापाच्या मागे सरकला. त्याच्या चड्डीतून पाणी गळायला लागलं, पायांवरून, मोज्यांवरून, फरशीवर. तो रडत नव्हता, ओठ घट्ट मिटून नुसता उभा होता. त्याच्या बापाने खाली बघितलं नाही.

मुलीने बघितलं. ती हसली नाही. हसली असती तर खाटकाने तिच्या कानाखाली आवाज काढला असता, आणि त्याला ते सोपं गेलं असतं. तिने त्या ओल्या फरशीकडे आणि मग प्लास्टरकडे नीट निरखून पाहिलं. हातून झालेलं काम खाटीक स्वतः असंच बघायचा. मुलीची भीती जावी, एवढंच त्याला हवं होतं. ती गेली होती. तिच्याबरोबर आणखी काय काय गेलं, ते त्याला आत्ता दिसत होतं.

"शिकवाल ना?" टँकरवाल्याने पुन्हा विचारलं.

उत्तर मुलीने दिलं. बापाला मदत करावी तसं. "डाव्या हाताने करायचं तर त्याला भिंतीकडे बसावं लागेल," ती म्हणाली. "मी जागा बदलून घेईन, म्हणजे मी त्याच्या डाव्या हाताला येईन."

खाटकाने फडकं घेतलं आणि गुडघ्यांवर बसून फरशी पुसायला लागला. फरशी कोरडी झाली तरी तो पुसत राहिला, कारण वर बघितलं की दोघांपैकी एका मुलाच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.