बिनटाकीच्या गिझरची धास्ती

मी गॅसचा गिझर बोलतोय. भिंतीत पक्का बसवलेला नव्हे, तर डोक्यावर कडी असलेला, एका हातानं उचलून कुठेही नेता येणारा. माझ्या पोटात टाकी नाही. नळ सोडला की पाणी माझ्यात शिरतं, टकटक करत ठिणगी पडते, आग लागते आणि तांब्याच्या नळीची चार वळणं पार करेपर्यंत गार पाणी गरम होऊन बाहेर पडतं. सगळा खेळ काही सेकंदांचा. म्हणून माझ्या जिवाला सतत घोर. टाकीवाल्यांना चूक सावरायला वेळ मिळतो. माझी चूक थेट माणसाच्या अंगावर जाते.

कारखान्यात मला जोडणाऱ्या बाईनं माझ्या नळीत हवा सोडून कान लावला होता. "फुसफुस नाही, जाऊ दे याला," असं ती म्हणाली, तेव्हा मला केवढा धीर आला होता! पुढे एका हौशी जोडप्यानं मला तंबूच्या सहलीला नेलं. तिथं वाऱ्यानं माझी आग सारखी विझायची. कुणाच्या डोक्यातून ही खरेदी निघाली यावरून दोघांत जुंपली, आणि परत आल्यावर मी गॅलरीतल्या खोक्यात पडलो. तिथून मला ताईनं नेलं.

ताई पन्नाशीची. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना त्यांच्या घरी जाऊन आंघोळ घालणं हे तिचं काम. पलंगाशेजारी रबरी टब फुगवायचा, मला खिडकीबाहेर गॅलरीत टांगायचं, पाइप आत घ्यायचा आणि माणसाला डोक्यापासून पायापर्यंत न्हाऊ घालायचं. महिनोन्‌महिने ओल्या फडक्यावर भागवलेल्या माणसाच्या अंगावर पहिली धार पडली की तो जो सुस्कारा सोडतो, तो मी खिडकीबाहेरून ऐकायचो. त्या आवाजासाठी मी कितीही जळलो असतो.

ताईचे दीर शेजारच्याच घरात राहतात. जन्म बॉयलरवर काढलेला माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी मला उलटासुलटा करून पाहिलं होतं.

"वहिनी, हा कायम उघड्यावर टांगायचा. बंद खोलीत पेटवलात तर विषारी वायू साठेल, कळणारसुद्धा नाही. आणि दर चार महिन्यांनी आतून साफ करायचा. आपल्याकडचं पाणी जड आहे, क्षार धरतो."

"करू की भावोजी, पुढच्या महिन्यात."

तो पुढचा महिना दीड वर्ष आलाच नाही. आळस म्हणून नव्हे. सकाळी चार घरं, दुपारी तीन, संध्याकाळी पाठ धरलेली. तिला तरी कधी सवड मिळणार?

माझ्या आत मात्र पांढरा थर चढत होता. आधी पावडरीसारखा, मग अंड्याच्या टरफलासारखा. पाण्याची वाट अरुंद झाली. पेटलो की आतून तडतड आवाज यायचा. "म्हातारा झालास रे," असं म्हणून ताई माझ्या पत्र्यावर थाप मारायची. मी म्हातारा झालो नव्हतो, माझा गळा चोंदला होता. पण सांगणार कसं? मला येतं काय, तर टकटक आणि तडतड.

सगळ्यात जास्त धास्ती मला मास्तरांच्या घरी वाटायची. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, झटक्यानं डावं अंग गेलेलं. त्या बाजूला गार-गरम काही कळत नाही. जीभही जड, पण खोड्या शाबूत. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ते "हेडबाई" म्हणायचे. ताई तिथं डाव्या हाताचं बोट सतत धारेत ठेवायची. "मास्तरांची डावी बाजू म्हणजे माझं बोट," असं ती म्हणायची.

त्या दिवशी दारावरची घंटा वाजली. काकूंना गुडघ्यामुळे पटकन उठवत नाही. "मी बघते, तुम्ही नुसता पाइप धरा," असं म्हणून ताईनं बोट काढलं आणि ती दाराकडे गेली.

त्याच क्षणी माझ्या आतला क्षाराचा एक तुकडा सुटला आणि पुढच्या वळणात अडकला. पाणी निम्म्यावर आलं, आग मात्र तेवढीच. फार तापलो तर आग विझवणारी एक कळ माझ्यात आहे, पण ती जागी होईपर्यंत म्हाताऱ्या कातडीचं व्हायचं ते होऊन जातं. मी तडतडलो, धडधडलो. कुणी बघेना. काकू पाइप मास्तरांच्या डाव्या पावलावर धरून होत्या, नातीच्या परीक्षेबद्दल बोलत होत्या. मास्तर ऐकत होते, हसत होते. त्यांना काही लागतच नव्हतं.

"अगं बाई, वाफ कसली येतेय?" काकू एकदम ओरडल्या.

ताई धावली. तिनं आधी पाइप बाजूला ओढला, मग नळ बंद केला. पावलाचा वरचा भाग लालभडक झाला होता.

दारात कोण होतं? पत्ता चुकलेला कुरिअरवाला.

डॉक्टर म्हणाले, जखम वरवरची आहे, भरून येईल. काकूंनी स्वतःलाच दोष दिला. ताईनं काही ऐकलं नाही. घरी येऊन तिनं मला अंगणात आदळलं आणि भावोजींना हाक मारली.

"भंगारात द्या याला. आणि मीही हे काम सोडलं."

"याला काय झालं ते तरी बघू द्या."

"याला काही झालेलं नाही भावोजी. बोट मी काढलं."

भावोजींनी वाद घातला नाही. त्यांनी सिलिंडर बंद करून सोडवला आणि माझे सेल काढले, पाणी फिरताना चुकून पेटायला नको म्हणून. मग बादलीत कोमट पाणी घेऊन लिंबूसत्त्व विरघळवलं. कूलरमधला छोटा पंप बादलीत सोडला, त्याची नळी माझ्या गार पाण्याच्या तोंडाला जोडली आणि दुसऱ्या तोंडाची नळी परत बादलीत आणली.

आंबट पाणी माझ्यात फिरू लागलं. खरं सांगतो, मी घाबरलो. आत सगळीकडे फसफस सुरू झाली. आता भोक पडतंय की काय असं वाटत होतं. ताई पायरीवर पाठ करून बसली होती. पण पंधरा मिनिटांनी बादलीत पांढरे कपचे पडू लागले, तशी ती वळली.

"एवढं याच्या पोटात होतं?"

"दीड वर्षाचं आहे, वहिनी."

त्या गढूळ पाण्यातला एक कपचा तिनं उचलून बोटांत चुरडला. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "तुम्ही दहादा सांगितलं होतं."

"आता अकराव्यांदा नाही सांगत. तासभर फिरू दे, मग अर्धा तास चांगलं पाणी सोडा."

तिनं अर्ध्याच्या जागी तासभर सोडलं. शेवटी धार अशी सरळ पडू लागली, की मला कारखान्याबाहेर पडल्यासारखं वाटलं. ताईनं मला कोरडं पुसलं, फडक्यात गुंडाळलं आणि मागच्या खोलीतल्या फळीवर नेऊन ठेवलं. भंगाराचा विषय तिनं काढला नाही. कामाचाही नाही.

आणि इथंच माझा जीव टांगणीला लागला. बाहेरून मी कोरडा होतो, पण आतल्या वळणात पाणी राहिलं होतं. मागच्या खोलीला धड दार नाही, आणि गारठा दिवसागणिक वाढत होता. आमच्याकडे थंडीच्या लाटेत पहाटे अंगणातल्या बादलीवरही बर्फाचा पापुद्रा धरतो. पाणी गोठलं की फुगतं. तांबं ते सोसत नाही, फाटतं. मी फळीवर नुसता मोजत बसलो होतो, आज फाटेन की उद्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावोजींचा आवाज आला. "वहिनी, थंडीची लाट येतेय म्हणतात. गिझरचं पाणी काढलंत ना?"

"काढलं की. पुसूनच ठेवलाय."

"पुसलं नव्हे, काढलं का? खालचं बूच उघडून?"

ताई पळतच आली. बूच फिरवून तिनं मला पुढे-मागे कलतं केलं. भळकन पेलाभर पाणी जमिनीवर पडलं. तिनं मला पुन्हा हलवलं, आतून आवाज येईना तेव्हाच थांबली. मग दोन्ही तोंडांना टोपणं बसवली, किडे शिरू नयेत म्हणून जाळीवर कापड बांधलं आणि मला उभं ठेवलं. "थोडक्यात वाचलास रे बाबा," असं म्हणून ती तिथंच स्टुलावर बसली. त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली.

तीन आठवडे गेले. काल सकाळी अंगणात चाकांचा आवाज आला. फटीतून पाहिलं, तर काकू मास्तरांना चाकाच्या खुर्चीतून घेऊन आल्या होत्या. मास्तरांनी उजव्या हातानं डाव्या पायावरची चादर ओढली. पाऊल बरं झालं होतं, नवी कातडी गुलाबी दिसत होती.

"ताई," मास्तर एकेक शब्द जुळवत म्हणाले, "हेडबाई... डोळ्यात... साबण घालते."

"बघा की!" काकू फणकारल्या. "तीन आठवडे हे पारोसे बसलेत. मी एकदा साबण लावायला गेले, तेव्हापासून हात लावू देत नाहीत नि दुसऱ्या बाईला दारात उभं करत नाहीत."

ताई पुढे आली. तिनं खाली बसून ते पाऊल दोन्ही हातांत घेतलं, उलटसुलट पाहिलं.

"सोमवारी येते मास्तर," ती म्हणाली. "पण पाणी चुलीवर तापवून आणीन. बादलीनं."

म्हणजे मी फळीवरच. मला राग नाही. तिचा माझ्यावरचा भरवसा उडाला, तो एका दुपारी परत यायचा नाही. पण सोमवारी ती गरम पाण्याच्या बादल्या स्वयंपाकघरातून पलंगापर्यंत नेईल, एकेक करत आठ-दहा. तिची पाठ अजून धरलेलीच आहे. वाटेत पाय घसरला तर?

कुणी तिच्या ओळखीचं असेल तर एवढं सांगा. मी आतून स्वच्छ आहे, कोरडा आहे, नळी कुठं फाटलेली नाही. सवडीनं ये म्हणावं, मला घाई नाही. तोवर बादली अर्धीच भर.