शेळीचा डाव

काजळ ग्रहावरची हवा मी बंद केली. काचेवर बोट टेकवलं, चौकोन लाल झाला, आणि जिथं चार हजार खाणकामगार लिहिलं होतं तिथं शून्य आलं. माझ्या गोदामात लोखंडाचा ढीग लागला. ढोल वाजले, चांदण्या उडाल्या. मी खूश होऊन शेजारी बसलेल्या महेश्वरीला म्हणालो, "जिंकलो की गं! चल, आता उलटा डाव लाव."

"उलटा म्हणजे?"

"उलटा म्हंजे उलटा. आता मी काजळवर बसतो. तू हवा बंद कर."

ती माझ्याकडं बघत राहिली. "अज्जा, यात उलटा डाव नसतो."

महेश्वरी माझी नात. पुण्यातल्या एका कंपनीसाठी ती बाळीवेशीतल्या आमच्या घरात, वरच्या खोलीत बसून काम करते. कंपनी खेळ बनवते. ह्या खेळात एका माणसानं आकाशातल्या अनेक ग्रहांवर राज्य करायचं, जहाजं बांधायची, लोखंड काढायचं, लढाया करायच्या. कुठल्या गोष्टीला किती बळ द्यायचं, म्हणजे खेळ एकीकडं कलणार नाही, हे बघणं तिचं काम. पडद्यावरची मराठी वाक्यंही तिचीच. मी अक्षरं शिकलो साठी उलटल्यावर, तेही तिच्याच पहिलीच्या पुस्तकावर. म्हणून ती मला समोर बसवायची. "तू अडखळलास की वाक्य अवघड झालं म्हणून समजायचं," असं म्हणायची.

मी वाक्यांत अडखळलो नव्हतो. अडखळलो ते ह्या उलट्या डावापाशी.

दुधनीला, आमच्या गावी, माझ्या लहानपणी देवळाच्या कट्ट्यावर दगडातच एक पट कोरलेला होता. आडू-हुलीचा, म्हणजे शेळ्या आणि वाघांचा. तीन वाघ, पंधरा शेळ्या. वाघानं शेळीवरून मागच्या रिकाम्या घरात उडी मारली की शेळी मेली. शेळ्यांनी वाघाला चहूकडून कोंडलं की वाघ हरला. त्या पटाचा एक नियम कुणी लिहिलेला नव्हता, पण तो मोडायची कुणाची छाती नव्हती. ज्यानं वाघाचा डाव खेळला त्यानं पुढचा डाव शेळीचा खेळायचाच. मग तो गावचा पाटील असो नाहीतर पाहुणा. वाघाचा डाव जिंकून जो उठून गेला त्याला पुन्हा कट्ट्यावर बसू देत नसत. त्याच्या हातचं पाणीही काही जण घेत नसत, अशी ती चीड.

म्हणून तर मी काजळची हवा बिनधास्त बंद केली. वाघ झालो की वाघासारखं खेळायचं, दया दाखवायची नाही. कारण पुढच्या डावात समोरचाही दाखवणार नसतो. हिशेब तिथंच पुरा होतो.

"मग त्या माणसांचं काय?" मी विचारलं.

"कुठल्या?"

"काजळवरच्या. मी मारलेल्या."

"अज्जा, आकडा आहे तो."

"मलाबी गिरणीत आकडाच हुता," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "पितळेचा बिल्ला, त्याच्यावर नंबर. मालकाला नाव कुटं ठावं हुतं?"

मग तिनं डाव परत लावला आणि दुसरा चौकोन दाखवला. त्यावर लिहिलं होतं, 'हवा वाटून घ्या.' सगळ्या ग्रहांवरची हवा थोडीथोडी कमी करायची आणि काजळला जगवायचं. हे वाक्य तिनं लिहिलंय हे मला न सांगता कळलं. मी तो चौकोन दाबला. काजळचे लोक जगले. पण लोखंड कमी निघालं, जहाजं अपुरी पडली, शेजारचा राजा चालून आला आणि माझं सगळं राज्य बुडालं. पुन्हा खेळलो. पुन्हा बुडालं. आमच्या नळाला पाणी कधी येईल ह्याची खात्री नसते, त्याची सवय झालीय, पण आलेलं पाणी वाटून घेतलं म्हणून घर बुडाल्याचं मी कधी बघितलं नाही.

"हे आसं हुनार, हे कुणी ठरवलं?"

"आम्हीच," ती हळू म्हणाली. "युवराज सरांनी. वाटून घेण्याला मी जास्त बळ दिलं होतं, त्यांनी कमी केलं. आता तर ते म्हणतात, हा चौकोन कुणी दाबतच नाही, काढून टाकू."

"आन तू?"

"मी भांडतेय, अज्जा. तो चौकोन गेला तर खेळात माझं असं काही उरतच नाही."

त्या दिवशी जेवण होताच ती उठून वर गेली आणि कामाला लागली. दोन-चार दिवसांनी खाली आली तेव्हा डोळे लाल होते, पण चालणं वेगळं होतं. "अज्जा, उलटा डाव घातला," म्हणाली. "जो काजळची हवा बंद करेल, त्याचा पुढचा डाव काजळवरच सुरू होईल. आधी राजा, मग खाणकामगार. दुसरा मार्गच नाही."

"आन तुझा साहेब?"

"रविवारी येतायत. वैरागला गावी चाललेत, वाटेत आपल्याकडं थांबणार."

युवराज आला. तिशीतला, हसरा, पायाही पडला. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मागून मागून खाल्ली. मला तो आवडला असता. पण खाता खाताच म्हणाला, "महेश्वरी, तो उलटा डाव भारी आहे गं, पण चालणार नाही. लोक दिवसभर मान मोडून येतात, त्यांना जिंकायचं असतं. गुदमरायला कोण बसेल? आणि तो वाटून घ्यायचा ऑप्शनही काढ. शंभरातले दोघंही निवडत नाहीत."

"निवडला की हरतात, सर. म्हणून निवडत नाहीत."

"हरायलाच हवं. चांगुलपणा फुकट मिळाला तर त्याला चांगुलपणा कोण म्हणेल? त्याची किंमत मोजावी लागते. काय आजोबा?"

मी भिंतीला टेकून बसलो होतो. म्हणालो, "खरं हाय, साहेब. किंमत आस्ती. लई मोजलीया आमी. पर ती किती, हे हितं तुमी ठरवलंय न्हवं?"

"म्हणजे कुणीतरी ठरवावीच लागते ना."

"ज्या दारातनं जानाऱ्याला तुमी दगड मारता, त्या दारातनं कोन जानार? आन मग म्हनायचं, बघा, हितनं कुनी जातच न्हाय, भिंत घाला!"

तो हसला. "आजोबा, तुम्ही आमच्या मीटिंगला या. पण जगाची रीतच तशी आहे हो. आम्ही फक्त दाखवतो."

जगाची रीत. गिरणी बंद झाली तेव्हा दरवाजावर उभं राहून असंच कुणीतरी म्हणालं होतं, बाजारच तसा आहे. बाजाराचं तोंड कुणी बघितलंय? पाऊस पडला नाही तर माणूस आभाळाकडं बघून शिव्या देतो. बाजाराला द्यायच्या तर कुणीकडं बघून? इतकी वर्षं मला दिशाच सापडली नव्हती. आणि इथं तर ठरवणारा माझ्या घरात, माझ्या ताटात, माझ्या सुनेनं केलेली भाकरी मोडत बसला होता आणि वर म्हणत होता, रीतच तशी आहे.

मी खडू आणवला. शहाबादी फरशीवर पट आखला. तीन खडे, पंधरा चिंचोके. "हात धुवा साहेब, आन या. तुमी खेळवाले ना? आमचाबी एक खेळ बगा."

त्याला मजा वाटली. नियम चटकन कळले. "मी वाघ," म्हणाला. मी म्हणालो, व्हा. मी शेळ्या मांडत गेलो. तो चांगला खेळला, खोटं कशाला सांगू. माझे चिंचोके एकेक करून त्याच्या मांडीशी जमले. शेवटी मी हात जोडले. तो टाळी वाजवून म्हणाला, "अरे, मस्त आहे हा! बॅलन्स बघ महेश्वरी, तीनच वाघ, पण..." तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो उठला.

"बसा," मी म्हणालो. "शेळीचा डाव ऱ्हायलाय."

"पुढच्या वेळी नक्की, आजोबा. वैरागला वाट बघतायत."

"आमच्यात आसं उठत न्हाईत."

"अहो, खेळ तर आहे!"

आणि तो गेला. चपला घालताना परत एकदा पाया पडायला वाकला, मी पाय मागं घेतले. महेश्वरीनं ते बघितलं. ती लहानपणी ह्याच फरशीवर माझ्याशी आडू-हुली खेळत मोठी झालेली. उठून जाण्याचा अर्थ तिला मी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला. उलटा डाव काढा. वाटून घ्यायचा चौकोन काढा. चित्रं करणाऱ्या अंकितानं रेखाटलेले काजळच्या माणसांचे चेहरेही काढा, कारण चेहरे दिसले की लोक थांबतात, खेळ रेंगाळतो.

महेश्वरी खाली येऊन पायरीवर बसली. "मी सांगून टाकलं, अज्जा. म्हटलं, मग खेळावरचं माझं नावही काढा. सर म्हणाले, ठीक आहे, काढतो."

खेळ पुरा झाला की शेवटी पडद्यावर करणाऱ्यांची नावं सरकतात. त्यात तिचं नाव मराठीत येणार होतं आणि ते मी स्वतः वाचणार होतो. त्याची मी किती वाट बघत होतो हे तिला ठाऊक होतं. मी शाबासकी देईन असं तिला वाटलं असावं. मी खवळलो.

"नाव का सोडलंस? शेळी पटावरनं उठून गेली तर वाघाला बरंच की! मोकळी जागा मिळती त्याला!"

"मग काय करायचं? माझ्या नावानं हवा बंद करायची माणसांची?"

"एकटी शेळी जिंकल्याचं कधी ऐकलंयस?"

ती चिडून म्हणाली, "नाही!"

"मग? तुज्याबरुबर दुसरं कुनी हाय का न्हाय त्या कंपनीत? त्या चेहरेवाल्या पोरीला काय वाटतंय, इचारलंस? गिरणी बंद झाली तवा आमी सगळे आपापली मान खाली घालून वेगवेगळ्या यंत्रमागांवर गेलो. त्याला काय अब्रू म्हनत्यात? पट मोकळा करून दिला आमी."

ती पायरीवरून उठली ती रागातच. जिन्यावर तिचे पाय आपटले. मग वरून तिचं बोलणं ऐकू येऊ लागलं. आधी अंकिताशी. अंकिता रडत होती म्हणे, ते चेहरे तिनं आपल्या गावातल्या माणसांवरून काढले होते. मग आवाज बसवणाऱ्या सयाजीशी. तो आधी म्हणाला, मला ह्यात ओढू नका. अंकितानं त्याला काय सुनावलं कुणास ठाऊक, संध्याकाळी त्याचाच फोन आला. तिघांनी मिळून कंपनीला कळवलं. उलटा डाव आणि वाटून घ्यायचा चौकोन राहणार असतील तर वाक्यं मिळतील, चेहरे मिळतील, आवाज मिळतील. नाहीतर मुका, आंधळा, बिनशब्दाचा खेळ विकून दाखवा.

युवराजनं आधी फोनवर आरडाओरडा केला. मग गोड बोलला. मग एकेकाला वेगळं गाठून बघितलं. वाघ असंच करतो, कडेची शेळी शोधतो. पण ह्या वेळी प्रत्येक शेळीच्या पाठीमागचं घर भरलेलं होतं, उडी मारायला जागाच नव्हती.

शेवटी तो स्वतः आला. दारातच म्हणाला, "आजोबा, महेश्वरीला जरा समजवा. मी बोलायला आलोय."

हसू नव्हतं चेहऱ्यावर. मला त्याची कीव आली नाही. मी फरशीवर पट आखूनच ठेवला होता. त्याच्यापुढं चिंचोके सरकवले. "बोला की. बोलताना हात तर मोकळा हाय न्हवं? ऱ्हायलेला डाव आदी."

त्यानं महेश्वरीकडं बघितलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मग तो मांडी घालून बसला. एक डोळा फोनवर ठेवूनच त्यानं पहिली शेळी मांडली, माझ्या वाघाच्या अगदी पुढ्यात, मागचं घर रिकामं. मी उडी मारली आणि चिंचोका उचलला.

"अहो, मी अजून नीट बसलोही नाही!"

"काजळवाले तरी कुटं बसले हुते?"

"अज्जा," महेश्वरी म्हणाली, "शेळीचा पहिलाच डाव आहे त्यांचा, जरा दमानं."

मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "दुसरी मांडा, साहेब," मी म्हणालो. "आन ह्या टायमाला तिच्या पाठीशी कोन हाय ते बगून मांडा."

त्याचा फोन वाजू लागला. त्यानं तो बंद करून फरशीवर पालथा ठेवला, दोन्ही हात गुडघ्यांवर घेतले आणि पहिल्यांदाच पट नीट बघू लागला.