आक्कानं घेतलेला सुरा

आक्कानं तांब्याभर पाणी मागितलं तवा शिवाप्पाला वाटलं, बाई उन्हातनं आलीया, तान लागली असंल. आक्कानं त्यातला घोटबी घेतला न्हाय. दोन्ही हातांवर पाणी वतून घेतलं आन् म्हणाली, "आता द्या तुमचा चाकू."

वडगावचा बाजार. बाहेर माणसाला माणूस घासतंय, आन् शिवाप्पाच्या अवजारांच्या दुकानात आमी तिघं. आक्का, तिचा दीर आकाराम, आन् मी ज्ञानू, त्यांचा शेजारी. माझं तितं काय काम न्हवतं. पर आक्का म्हणाली, "ज्ञानू, चल," तर तिला न्हाय म्हणायची छाती कुणाची?

शिवाप्पानं मिटवायचा चाकू दिला. नवाकोरा, खिशात मावणारा. आक्कानं डोळं मिटलं आन् एकाच हातानं त्यो उघडाय लागली. नख घसरलं. परत घसरलं. तिसऱ्यांदा चाकूच खाली पडला.

"अव्वा, दोन्ही हातांनी उघडायचा असतोय की त्यो," शिवाप्पा हसला.

"दुसरा हात मोकळा नसला तर?"

"असं कशाला हुईल?"

आकारामनं मान खाली घातली. मीबी बाहेर बघाय लागलो.

कसं हुतंय ते आमी बघितलं हुतं. नव्व्याण्णव सालची खंडेनवमी. त्या दिशी आमच्यात समदी हत्यारं देवापुढं मांडत्यात, इळा, कुऱ्हाड, खुरपं, आन् पूजा झाल्यावर दिसभर त्यास्नी हात लावत न्हाईत. आक्काचा नवरा सयाजी वारणा नदीत मासं धरणारा. त्याच्या कमरंचा सुराबी आक्कानं सोताच्या हातानं सोडला आन् देवापुढं ठिवला. दुपारी सांगावा आला, धरणाचं पाणी सोडलंय, जाळी काढा. सयाजी तसाच पळाला. जाताना कोनाड्यातला मिटवायचा चाकू तेवढा खिशात टाकला. दुसऱ्या दिशी त्याचं मढं गावलं तवा नायलॉनचं जाळं पायाला ईळखा घालून बसलेलं. एका मुठीत जाळं, दुसऱ्या मुठीत चाकू. मिटलेला.

आक्का रडली न्हाय. देवापुढचा सुरा उचलला, नदीत फेकला, आन् घरात येऊन भाकरी थापाय बसली. मला तर तिची भीतीच वाटली.

आकाराम वरीसभर वीटभट्टीवर राबला. पार चिपाड झालं माणसाचं. शेवटी म्हणाला, "वैनी, मला नदीबिगार काय येत न्हाय. पावसुळ्यात मासं आन् उन्हाळ्यात डोंगरात मोहोळं, ह्येच शिकलोय दादाच्या हाताखाली." आक्कानं चुलीतलं लाकूड मागं वढलं. मग म्हणाली, "जा. पर सुरा मी घेणार."

म्हणून ही दुकानातली तऱ्हा चाललेली. शिवाप्पानं मग न मिटणारं सुरं काढलं. पितळी मुठीचा वल्या हातातनं निसटला. वीतभर लांब पात्याचा कमरंला बांधून आक्का दुकानातच मांडी घालून बसली. बाजारातली चार टाळकी थांबून बघाय लागली, पर तिला कुठली लाज!

"ह्यो मांडीत घुसतोय. नावंत बसायचं कसं?"

"मग ह्यो बारका घ्या की, अव्वा."

"ह्येनं मासा कापंल. मोहोळाची फांदी तुटंल व्हय?"

शिवाप्पा घायकुतीला आला. शेवटी फळीच्या मागनं एक काळा सुरा काढला. ट्रकच्या पाट्याचं लोखंड, बाभळीची मूठ, आन् पातं पार मुठीच्या बुडापातूर गेलेलं. आक्कानं हात भिजवला, डोळं मिटलं, डाव्या हातानं म्यानातनं सुरा वढला. सुरकन आला. तिनं परत म्यानात घातला, परत वढला. धा येळा. शिवाप्पाचं हसणं कवाच थांबलं हुतं.

"गंजंल बरं का ह्यो. रोज तेल लावाय लागतंय. कुणासाठी घेताय, अव्वा?"

"दिरासाठी," आक्का म्हणाली. "नवऱ्यासाठी घ्यायला उशीर झाला."

पंधरा दिसांनी खंडेनवमी आली. मी दुपारी पूजेला गेलतो. आकारामनं आपणहून कमरंचा सुरा सोडला आन् इळ्याशेजारी ठिवला. तेवढ्यात रस्त्यानं आरुळी गेली, वरनं पाणी सोडलंय! आकाराम उठला. आक्का चुलीपासनं उठली, तिनं देवापुढचा सुरा उचलला.

सासू धोंडुबाई वरडली, "अगं, नवमी हाय! देवाचा कोप हुईल! आन् तू असली..."

"असली कशानं झाली मी, आत्याबाई? गेल्या साली समदं रीतीनं केलं की. काय पदरात पडलं?"

आक्कानं कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवलं. वरीस झालं त्या करंड्याला तिचा हात लागला न्हवता. पात्याला कुंकू लावलं, सुरा म्यानात घातला आन् आकारामच्या कमरंला बांधला.

"झाली पूजा. जा आता."

त्यो गेला. धोंडुबाई तोंडात पदर धरून बसली. आक्का उंबऱ्यात. मला घरला जावं वाटंना. कुणी च्या केला न्हाय. बसून बसून अंग आंबून गेलं.

दिवा लावायच्या टायमाला आकाराम आला. चिंब भिजलेला, लंगडत. आक्का उठली. वाकून त्याची इजार वर केली. पोटरीभवती नायलॉनचा लालभडक वळ.

"कापलंस?"

"व्हय, वैनी. डाव्या हातानं."

आक्का तितंच खाली बसली आन् रडली. वरीसभराचं रडली. धोंडुबाई उठली, सुनंच्या डोक्यावर हात ठिवून हुबी ऱ्हायली. माझ्याबी डोळ्याला पाणी आलं, खोटं कशाला सांगू?

मग आक्कानं पदरानं नाक पुसलं, सुरा काढला. पात्यावरचं कुंकू नदीत धुऊन गेलं हुतं.

"ज्ञानू, फळीवरची तेलाची बाटली दे," ती म्हणाली. "गंजंल ह्यो."