वर गेलेले हात

“चारचौघांत आपला हात मागे राहू देऊ नये, बाळ. सगळ्यांचा वर गेला की आपलाही वर करावा. मग कुणी काही विचारत नाही.”

वडिलांचं हे सांगणं अध्यक्षीणबाईंनी सत्तरी उलटेपर्यंत इमानाने पाळलं होतं. तशा त्या कशाच्याच अध्यक्ष नव्हत्या. निवृत्त माणसांसाठी बांधलेल्या त्या सोसायटीचे अध्यक्ष त्यांचे यजमान; पण नवऱ्याचं पद बायकोच्या नावाला चिकटतंच, तसं ते चिकटलं होतं.

त्या रविवारची सभाही नेहमीसारखीच होती. पुढच्या खुर्च्यांवर ज्यांची मुलं पैसे पाठवतात ते, मागे नुसत्या पेन्शनीवरचे. असं कुणी ठरवलं नव्हतं, पण माणसं बसत तशीच. प्रवेशदाराशी कारंजं होणार होतं, त्याभोवती गुळगुळीत दगडी फरशी, आणि त्यासाठी मेंटेनन्स पुन्हा वाढणार होता.

“फ्लॅटचा भाव टिकवायचा तर एवढं करावंच लागतं,” अध्यक्ष म्हणाले. माना हलल्या. घरांत जिवंत माणसं राहत होती. बोलणं मात्र चाललं होतं ती रिकामी झाल्यावर काय भाव येईल याचं.

मग ते दुसऱ्या विषयाकडे वळले. प्रत्येक घरात पलंगाशी आणि न्हाणीघरात एक लाल बटण होतं. दाबलं की खालच्या खोलीतली नर्स धावत येई. “ज्यांची बाकी थकलीय त्यांची बटणं बंद करायची. फुकट्यांचं ओझं बाकीच्यांनी का वाहायचं? मान्य असेल त्यांनी हात वर करा.”

हात वर गेले. अध्यक्षीणबाईंचाही गेला. सहज मागे वळून पाहिलं, तर शेवटच्या रांगेत खटखटबाईंचा हात सगळ्यांहून ताठ उभा.

खटखटबाई म्हणजे त्यांच्या शेजारीण. जन्मभर कचेरीत टाइपरायटर बडवला, त्यावरून पडलेलं नाव. मागे-पुढे कुणी नाही. एक पुतण्या, तोही कधीमधी उगवणारा. त्यांनी दूध बंद केलं होतं, मग पंखा. मेंटेनन्स तर कधीचाच थकला होता.

“अगं, तू स्वतःच्याच गळ्याला दोर लावलास!” घरी येताना अध्यक्षीणबाई कुजबुजल्या.

“मग काय करू? खाली ठेवला असता तर सगळ्यांना कळलं असतं की बाकी माझीच.”

“मी भरते ना. ह्यांना कळूही द्यायची नाही.”

“नको गं बाई. एकदा घेतलं की रोज तुझ्याकडे बघून हसावं लागेल. आत्ता वाटलं तर हसते, ते बरंय.” आणि त्या खरंच हसल्या. “दोन वचनं दे फक्त. बटण गेलं तरी आपली भिंत एकच आहे. रोज सकाळी मी चमच्याने टकटक करीन, म्हणजे समज, म्हातारी उठली. टकटक थांबता थांबली नाही, तर धावत ये.”

“येईन. आणि दुसरं?”

“पुढच्या सभेत माझा हात वर जायला लागला तर धरून खाली ओढ. तुझाही वर नेऊ नकोस. माझ्याच्याने एकटीने नाही होत गं ते.”

अध्यक्षीणबाईंनी दोन्ही वचनं दिली. देवापुढे हात जोडल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारी ती बाई. दिलेला शब्द तिला व्रतासारखा वाटे.

दोनच दिवसांनी एक माणूस येऊन खटखटबाईंकडची बटणं काढून घेऊन गेला. भिंतीतून उघड्या पडलेल्या तारांवर त्याने काळी चिकटपट्टी मारली. बागेत बाकावर त्या येऊन बसल्या की बायकांना एकदम घरची कामं आठवत. “आलं बघा बिनभाड्याचं राज्य,” कुणीतरी म्हणे, तेही ऐकू जाईल इतपत मोठ्याने. माणसांना वाळीत टाकायला पूर्वी गावाची पंचायत बसे. इथे चहा-बिस्किटांत काम भागलं.

सकाळची टकटक तेवढी चुकली नाही.

कारंज्याच्या उद्घाटनाच्या संध्याकाळी अध्यक्षीणबाई ठेवणीतली साडी नेसत असताना भिंत वाजली. टकटक. मग पुन्हा. मग थांबेचना.

“अहो, भिंत वाजतेय.”

“वाजू दे. बरोबर आजच सुचलं तिला!” अध्यक्ष आरशात कोटाची बटणं लावत होते. “चार पाहुणे आलेत म्हणून नाटक. तू आत्ता तिच्या दारात दिसलीस तर उद्या लोक म्हणतील, अध्यक्षाच्याच घरातून नियम मोडला. कार्यक्रम झाला की बघ.”

“पण मी शब्द दिलाय हो.”

“मलाही लोकांनी शब्द घेऊनच निवडून दिलंय. चल.”

त्या दाराशी घुटमळल्या. नवऱ्याने कोपराला धरलं. तेवढा आधार पुरला. नाही म्हणायचं नसलं की माणसाला फार मोठी जबरदस्ती लागत नाही. लिफ्टमध्ये शिरेपर्यंत टकटक ऐकू येत होती.

कारंजं उडालं. रंगीत दिव्यांत पाणी नाचलं. अध्यक्षीणबाईंनी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या.

परतल्या तेव्हा भिंत गप्प होती. दार आतून बंद. रखवालदाराने कडी उचकटली. खटखटबाई भिंतीशी आडव्या पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलेलं, चमचा मुठीत. न्हाणीघरापासून सरपटत तिथवर आल्याची ओल फरशीवर दिसत होती. भिंतीचा रंग एका जागी पार उडाला होता.

डोळे उघडून त्यांनी मैत्रिणीची साडी वर-खाली पाहिली.

“आलीस? कारंजं छान झालं का गं?”

खटखटबाईंनी दवाखान्यात चार दिवस काढले आणि त्या गेल्या. पुतण्या चावी मागायला आला तेव्हा त्याला आधी ऑफिसात नेऊन बाकी दाखवण्यात आली. “मरणाचं वाईट वाटतं हो,” खजिनदार म्हणाला, “पण हिशेब हिशेबाच्या जागी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्षीणबाई देवापुढे बसल्या. भिंतीकडे कान लागले होते. हात जोडायला गेल्या, आणि त्या हातांनी वाजवलेल्या टाळ्याच आठवल्या. पाणी न पिताच त्या उठल्या.

महिना सरला. कारंज्याची मोटर जळली. नवी घ्यायची म्हणून मेंटेनन्स परत वाढणार होता, आणि थकबाकीदारांना लिफ्ट बंद करावी असा ठराव होता. सभेच्या सकाळी अध्यक्ष दाढी करता करता म्हणाले, “दोन मिनिटं शांतता पाळू आधी तिच्यासाठी. मग ठराव. तू पुढेच बस, माझ्यासमोर.”

“आज मागे बसेन.”

“का? बरं नाही का?”

“बरं आहे. आजच जरा बरं आहे.”

अध्यक्षांचा वस्तरा गालावर थांबला. “हे बघ, एका हाताने ठराव पडत नसतो.”

“माहीत आहे.”

त्यांनी साधी साडी नेसली, चपला घातल्या. लिफ्ट दारातच उभी होती, तरी त्या जिन्याने निघाल्या. कठड्याला धरून एक मजला उतरल्या आणि ड्रायव्हरकाकांच्या दारावर बोटांनी टकटक केली. काकांचे गुडघे जन्मभर बस चालवून गेलेले; त्यांच्याही भिंतीवर काळी चिकटपट्टी होती, आणि सभेत त्यांचा हात न चुकता वर जाई.

दार किलकिलं झालं. “वहिनी? तुम्ही कशा इकडे?”

“चला, सभेला सोबत जाऊ. आज माझ्या शेजारी बसा.”

“तुमच्या? ते का बरं?”

“तुमचा हात धरून ठेवायचाय,” त्या हळूच म्हणाल्या. “आणि माझा तुम्ही धरा.”