ऑइल न बदलणाऱ्या अठरा गाड्या

नऊ वजनं टांगली तरी यंत्र गप्प होतं, आणि यंत्र गप्प म्हणून माणसंही गप्प होती.

जपानमधल्या कारासुमोरी या गाड्या पळवायच्या सर्किटच्या शेडमध्ये एका घडीच्या टेबलाभोवती चाळीसेक माणसं दाटीवाटीने उभी होती. टेबलावर कुरोबाने सेन्सेईंचं, म्हणजे गुरुजींचं, यंत्र होतं. एक मोटर, तिच्यावर गरगर फिरणारं पोलादी कडं, खाली ऑइलची वाटी आणि कड्यावर दाबून धरलेला बोटाच्या पेराएवढा पोलादी तुकडा. त्या तुकड्याच्या दांडीला वजनं टांगायची. साध्या इंजिन ऑइलमध्ये दुसऱ्याच वजनाला यंत्र किंचाळलं होतं आणि मोटर अडकून बसली होती. मग सेन्सेईंनी देवापुढे वाजवतात तशा दोन टाळ्या वाजवल्या, डोळे मिटले आणि काळ्या बाटलीतून ‘रेइयु’चे सात थेंब वाटीत सोडले. रेइयु म्हणजे दिव्य तेल. त्यानंतर दांडी वाकायला आली, पण यंत्राने हूं की चूं केलं नाही.

“लोखंडाला तहान असते,” सेन्सेई हळू आवाजात म्हणाले. हळू बोललं की लोक पुढे झुकतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. “तुम्ही दर दोन महिन्यांनी ऑइल बदलता. म्हणजे काय करता? तहानलेल्याच्या तोंडचा पेला काढून घेता. रेइयु एकदा पाजलं की लोखंड तृप्त होतं. मग बोल्ट उघडायचा नाही, ऑइल काढायचं नाही. आणि काही दिवसांनी ऑइलमध्ये सोनेरी चमक दिसायला लागली, तर घाबरू नका. लोखंड जागं झालंय असं समजा.”

“माझ्यात दिसली!” पुढच्या रांगेतले अनझाई ओरडले. अनझाई दातांचे डॉक्टर होते. रोग्याच्या दाढेचा तीन बाजूंनी फोटो काढल्याशिवाय ते चिमटा हातात घेत नसत. “परवाच दिसली, सेन्सेई! मी बायकोलाही दाखवली.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या मागे, बगलेत थर्मास धरून उभी असलेली सुमिए ओरिहारा तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. तांत्रिक शाळेत एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून ती गेल्या वर्षी निवृत्त झाली होती. तिलाही पोरं एकतीस वर्षं सेन्सेईच म्हणत आली होती, त्यामुळे हा शब्द किती स्वस्तात मिळतो हे तिला माहीत होतं.

तिचा जीव अडकला होता तो त्या यंत्रात नव्हे, शेडबाहेर उभ्या असलेल्या पांढऱ्या दोन आसनी गाडीत. गाडी तिच्या थोरल्या भावाची, तोकुजीची. वय चौसष्ट. पस्तीस वर्षं लिफ्टचे दोर तपासण्यात गेली. गाडीचं इंजिन त्याने स्वतः एकेक भाग जमवून बांधलं होतं, आणि त्यातले अर्धे भाग आता कुठे मिळतही नव्हते. बायको गेल्यावर हा माणूस महिनाभर कुणाशी बोलला नाही, फक्त त्या इंजिनाशी बोलला.

आणि त्याचं ऑइल बदलणं म्हणजे काय सोहळा असायचा! उन्हाळ्यात जाड पन्नास नंबरचं, थंडीत चाळीसचं. सर्किटवर ऑइल कढईतल्या तेलासारखं तापतं आणि पातळ होतं, तेव्हा गरम असतानाही पुरेसं जाड राहील तेच घ्यायचं, असं तो पुन्हा पुन्हा सांगायचा. गाडी सर्किटवर तीनदा नेली की बदल. गाडी कोमट असतानाच खालचा बोल्ट उघडायचा, बोल्टचा वॉशर दर वेळी नवा, जुनं ऑइल कापूस भरलेल्या खोक्यात. मग दरवाज्याच्या कडेला छोटं लेबल चिकटवायचं, त्यावर तारीख, किलोमीटर आणि जाडीचा नंबर, सुबक अक्षरात.

गेल्या एप्रिलमध्ये सेन्सेईंनी त्या लेबलांवर आपलं सोनेरी लेबल चिकटवलं. ‘बदल अनावश्यक.’ तेव्हापासून नऊ वेळा गाडी सर्किटवर धावली आणि बोल्टला कुणी हात लावला नाही.

“दादा,” ती शेजारी उभ्या असलेल्या भावाला म्हणाली, “मी बोलणार आहे.”

“सुमी, नको. चारचौघांत नको.”

“एकट्यात सहा महिने बोलतेय. ऐकलंस का?”

ती वाट काढत पुढे गेली आणि टेबलापाशी जाऊन व्यवस्थित वाकून नमस्कार केला.

“सेन्सेई, मलाही एकदा करू द्याल? तुम्ही म्हणता, मन शुद्ध असलं की कुणालाही जमतं.”

सेन्सेई हसले. चाळीस माणसांसमोर नाही कसं म्हणणार? “या ना ताई, या.”

सुमिएने कडं पेट्रोलने दोनदा पुसलं, तुकडा बदलायला लावला, वाटी धुऊन साधं ऑइल ओतलं. पहिलं वजन, दुसरं वजन, यंत्र किंचाळलं. तिने पुन्हा कडं पुसलं, तुकडा फिरवून कोरी बाजू पुढे घेतली. मग पिशवीतून प्लास्टिकची निळी बाटली काढली. कोंड्याचा शाम्पू. आदल्या दिवशी मुक्काम केलेल्या गरम पाण्याच्या झऱ्यावरून तसाच पिशवीत आलेला, आणि तोही तोकुजीचाच.

तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. फक्त वाटीत बाटली पिचकारली.

तीन वजनं. पाच. नऊ. यंत्र गप्प. सेन्सेईंकडची वजनं संपली तेव्हा सुमिएने दांडीला आपला भरलेला थर्मास अडकवला. तरीही गप्प.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. सुमिएला वाटलं, झालं, सुटले सगळे या भ्रमातून.

“शाम्पूत जस्त आणि गंधक असतं,” ती वर्गात बोलायची त्या आवाजात म्हणाली. “दोन लोखंडं एकमेकांवर घासून तापली की त्यांच्यावर त्याचा पातळ थर बसतो आणि किंचाळणं थांबतं. चमत्कार एवढाच. सेन्सेईंच्या या काळ्या बाटलीत आहे क्लोरीनचं द्रव्य. परवा मी तांब्याची तार तापवून दादाकडच्या रेइयुत बुडवली आणि गॅसवर धरली, ज्योत हिरवीगार झाली. शाळेतली पोरंही ओळखतील. पण तुमच्या इंजिनात लोखंड लोखंडाला घासतच नाही हो! आतला दांडा ऑइलच्या थरावर तरंगत फिरतो. तो थर टिकायला हवा. त्याला ताजं, पुरेसं जाड ऑइल लागतं. जुन्या ऑइलमध्ये पेट्रोल झिरपून ते पाण्यासारखं होतं, आणि हे क्लोरीन तापलं, ओलाव्याला लागलं की त्याचं आम्ल बनतं. ते त्या दांड्याला धरणारं बेअरिंग खातं. तुम्हाला दिसते ती सोनेरी चमक म्हणजे तुमचं बेअरिंग आहे, झिजून ऑइलमध्ये आलेलं.”

सेन्सेईंनी एक क्षण डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा त्यांत चक्क पाणी होतं.

“बघितलंत?” ते गहिवरून म्हणाले. “नुसत्या शाम्पूलाही लोखंडाने दाद दिली. का? कारण ताईंच्या मनात केवढी श्रद्धा आहे, आणि ती त्यांची त्यांनाच माहीत नाही!”

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी चिडलं नाही, कुणी वाद घातला नाही. “हो का, हो का,” म्हणत सगळे तिच्याकडे बघून अदबीने माना हलवत होते. एका बाईने तर तिला गरम कॉफीचा कॅन आणून दिला. वाद घातला असता तर तिने उत्तर दिलं असतं. या हलणाऱ्या मानांना काय उत्तर देणार?

ती बाहेर आली तेव्हा तोकुजी आपल्या गाडीचं बॉनेट उघडून उभा होता. त्याने डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढून पांढऱ्या कागदावर पुसली होती. कागद काळाभोर झाला होता, आणि त्या काळ्यात बारीक तांबूस चमक होती.

“तुझं खरं आहे,” तो म्हणाला. “मला दोन महिन्यांपूर्वीच कळलं होतं.”

सुमिएला आधी राग आला आणि मग रागापेक्षा मोठं काहीतरी आलं. “दोन महिने? आणि तरी गप्प बसलास? तू, दोर तपासणारा माणूस?”

“यांना सेन्सेईंकडे नेलं कुणी, सुमी? मी. क्लबातल्या अठरा जणांची ओळख मी करून दिली. तोकुजी म्हणतो म्हणजे तपासून म्हणत असेल, असं म्हणून आले ते.” त्याने कागदाची घडी घातली. “आज सर्किटवरचा वर्षातला शेवटचा दिवस. मीच गाडी काढली नाही, तर या अठरा जणांना मी काय तोंड दाखवू?”

“गाडी फुटली की मग काय दाखवशील?”

“कदाचित नाही फुटणार.”

“दादा, हे तू बोलतोयस? लिफ्टमध्ये बसलेल्या माणसांना असं सांगायचास का, कदाचित नाही तुटणार?”

त्याने हेल्मेट घातलं. हेल्मेट घातल्यावर माणसाशी भांडता येत नाही, निदान त्याच्या पट्ट्याची गाठ नीट बसलीय का एवढं बघता येतं. तिने ते बघितलं.

भिंतीआड उभी राहून ती फेऱ्या मोजत होती. नोव्हेंबरचं स्वच्छ ऊन, डोंगरावर पहिला बर्फ. किल्ली काढून घ्यायला हवी होती, टायरमधली हवा सोडायला हवी होती, असं बरंच काही तिला आता सुचत होतं. पाचव्या फेरीला पांढरी गाडी समोरून गेली तेव्हा तिला आवाज आला. टक्, टक्, टक्, दारावर कुणी बोटाने वाजवावं तसा. तिने दोन्ही हात हलवले. तो बघत नव्हता, आणि बघितलं असतं तरी थांबला असता असं नाही.

सातव्या फेरीला सरळ रस्त्याच्या शेवटी धाडकन आवाज झाला. पांढरा धूर निघाला, इंजिनातलं ऑइल गाडीच्या स्वतःच्याच मागच्या चाकांखाली आलं, गाडी दोनदा गरकन फिरली आणि टायरच्या भिंतीवर आदळली. लाल झेंडे हलले. सुमिए धावली, पण तिला तारेच्या कुंपणापाशीच अडवलं. तिथून तिला फक्त दरवाजा दिसत होता. तो उघडेपर्यंत जो वेळ गेला, तो तिने कसा काढला हे तिचं तिलाच ठाऊक.

तोकुजी स्वतःच्या पायांनी बाहेर आला. खांद्याला मुका मार लागला होता, बाकी काही नाही. इंजिनाच्या पोटाला मूठ जाईल एवढं भोक पडलं होतं आणि त्यातून पिस्टनचा तुटलेला दांडा, कनेक्टिंग रॉड, बाहेर डोकावत होता. माणसं झाडू घेऊन रस्त्यावरच्या ऑइलवर भुकटी पसरू लागली.

सेन्सेई लगेच पोचले. “शंका!” ते हळू आवाजात म्हणाले. “सकाळी इथे शंका घेतली गेली. लोखंडाने ती ऐकली.” लोकांनी सुमिएकडे बघितलं. रागाने नव्हे, कीव आल्यासारखं.

मग तोकुजीने ते केलं जे त्याला दोन महिने जमलं नव्हतं. तो आपल्या अठरा मंडळींपुढे गेला आणि कंबरेतून पार खाली वाकला.

“मी चुकलो. ऑइलमध्ये चमक मी बघितली होती आणि गप्प बसलो. तुम्ही माझ्या शब्दावर इथे आलात. आता मेहरबानी करा, यापुढे माझ्या शब्दावर जाऊ नका. सेन्सेईंच्या नको, माझ्या बहिणीच्याही नको. आत्ता बॉनेट उघडा, डिपस्टिक पांढऱ्या कागदावर पुसा, आणि स्वतः बघा. काळं असेल तर बदला. चमकत असेल तर गाडी चालू करू नका.”

अठराही जण तितकेच खाली वाकले. “छे छे, ओरिहारासान, तुमची काय चूक,” म्हणाले. खांद्याची चौकशी केली, वरणासारखं गरम सूप आणून दिलं. बॉनेट एकानेही उघडलं नाही.

रस्ता साफ झाला, हिरवा झेंडा हलला, आणि अठरा गाड्या वर्षातलं शेवटचं धावायला रांगेत लागल्या. अनझाई मात्र गाडीतून उतरून सुमिएकडे आले. इकडेतिकडे बघत, आवाज खाली आणून. सुमिएचं मन उचंबळून आलं. एक तरी निघाला.

“ताई, तुमचं पटलं बरं का मला,” ते म्हणाले. “अगदी पटलं. तो शाम्पू कुठला म्हणालात? आणि इंजिनात किती ओतायचा?”

तिने त्यांना नीट समजावलं, दोनदा समजावलं, की शाम्पू केसांना लावायचा आणि ऑइल बदलायचं. “अच्छा, म्हणजे सांगायचं नाहीये तर,” अनझाई हसून म्हणाले, नमस्कार केला आणि हेल्मेट घालून निघून गेले.

मोडकी गाडी ओढून नेणारा ट्रक यायला अवकाश होता. तोकुजी आपल्या गाडीच्या उघड्या दरवाज्याशी गुडघ्यावर बसला आणि नखाने सोनेरी लेबल खरवडू लागला. खालून त्याची जुनी लेबलं निघाली. तारीख, किलोमीटर, जाडीचा नंबर, एकाखाली एक, अकरा वर्षांची, शेवटचं मार्चमधलं. त्या एकाही लेबलावर कुणाच्या श्रद्धेचा हिशेब नव्हता. बघितलं, मोजलं, लिहिलं, एवढंच होतं, आणि त्यावर ते इंजिन अकरा वर्षं चाललं होतं.

“याला फक्त एवढंच लागायचं,” तोकुजी म्हणाला.

पलीकडून अठरा गाड्या एकामागून एक भरधाव गेल्या. सुमिए भावाशेजारी जमिनीवर बसली आणि डोळे मिटून एकेका इंजिनाचा आवाज ऐकू लागली. बाराव्या गाडीत तिला टकटक ऐकू आली. ती उठली, भिंतीपाशी गेली आणि पुन्हा दोन्ही हात हलवू लागली.