कमळचा सोमवार

छप्पन-सत्तावन सालची गोष्ट. आमच्या आळीतल्या हैबतरावांच्या जयाचं लगीन ठरलं होतं आणि बाया पडवीत हळद दळायला बसल्या होत्या. वैशाखाची काहिली, त्यात जातं जड. नवऱ्यामुलाची आत्या रंभाबाई पौडाकडनं मुद्दाम आली होती. दोन ओव्या झाल्या, पण तिसरी कुणाला आठवंना.

तेवढ्यात अंगणातनं आवाज उठला. कमळ शेणानं अंगण सारवत होती. तिसरी ओवी तिनं म्हटली, चौथीही म्हटली.

कमळ डोंगरावरच्या कातकरवाडीची. जयाचा पाळणा हलवायला तिच्या आईनं, लिलाबाईनं, तिला लहानपणीच इथं आणून सोडलेली. झोपायला गोठा, पाणी वरनं ओंजळीत ओतलेलं, जेवण अंगणात वेगळ्या थाळीत. पण तिचे कान काही कुणी बांधून ठेवले नव्हते. हैबतरावांची बायको गोजराबाई, तिची बोली, तिच्या ओव्या, तिचे सणवार कमळनं असे उचलले होते, की नुसता आवाज ऐकला तर घरातलीच लेक वाटावी.

"कुनाची गं तू?" रंभाबाईनं विचारलं. "गळा लई ग्वाड हाय. ये, हितं बस. खुंटा धर."

कमळनं गोजराबाईकडं बघितलं. ती सुपात तांदूळ पाखडत होती. विहिणीकडच्या बाईला काय सांगावं ते तिला सुचलं नाही. ती खाली मान घालून पाखडत राहिली. कमळला तो होकार वाटला. हात धुऊन ती पडवीत चढली आणि तिनं खुंटा धरला.

चार फेरे झाले असतील, तोच लिलाबाई पत्रावळींसाठी पळसाच्या पानांचा भारा घेऊन अंगणात आली. वाडीच्या बोलीत तिनं कमळला हाक मारली.

"ही कातकरीण तुला का हाका मारतीया?" रंभाबाई म्हणाली.

लिलाबाईनंच हौसेनं सांगितलं, "लेक हाय माजी."

रंभाबाईनं खुंट्यावरचा हात काढला आणि ती उठली. "गोजराबाई, आमच्या सुनंला ही हळद लावनार व्हता व्हय?"

"मला काय ठावं ही कवा घुसली ते," गोजराबाई म्हणाली. तिनं उठून कमळच्या तोंडात मारली. "तुला वर कुनी बोलावली?"

"आत्याबाईंनी..."

दुसरी बसली.

जया दारात उभी होती. कमळच्या कडेवर वाढलेली पोर. कमळनं तिच्याकडं बघितलं.

"आई, जातं धुवून घे," जया म्हणाली. "उशीर व्हतोय."

हळद उकिरड्यावर गेली. कमळ आईच्या मागनं डोंगर चढली.

वाडीची बोली तिला कळायची, पण जिभेवर यायची नाही. "आमच्यात असं नसतंय," ती बोलून जायची, आणि बाया विचारायच्या, "तुमच्यात म्हंजी कुनाच्यात?" तिला त्या पाटलीण म्हणायच्या.

पावसाळ्यात वाडीला मजुरी देणाऱ्या कोळशाच्या भट्ट्या बंद पडल्या. श्रावणात तर खोपटातली नाचणीही सरली. कितीतरी दिवसांनी कमळच्या भावानं, सावळ्यानं, खाचराच्या बांधातनं उंदीर खणून आणले. लिलाबाईनं ते भाजले आणि पानावर लेकीपुढं ठेवले.

कमळनं पान मागं सारलं. "आज सोमवार. माजा उपास हाय."

सावळ्या हसला. शेजारच्या खोपटात ऐकू गेलं, तिथंही हसले. वाडीत उपास कुणी धरत नसे, तो आपोआप घडायचा.

लिलाबाई हसली नाही. "खा," ती म्हणाली.

"गोजराबाई म्हनायच्या, सोमवारी..."

"त्यांच्या कणगीत भात व्हता, म्हनून त्यांचा उपास व्हता. तुज्या पोटात काय हाय?"

तिनं कमळचा जबडा धरला आणि घास आत कोंबला. कमळ तो थुंकू लागली. लिलाबाईनं तिच्या तोंडावर हात दाबून धरला, घास खाली उतरेपर्यंत काढला नाही. मग पान परत तिच्यापुढं सारलं.

कमळनं आपल्या हातानं दुसरा घास उचलला.