मध्ये रक्त आहे

"पाळकबाबा, उद्या मी आजारी पडणार आहे."

लामनं डोक्यावरची चिखलाची पाटी बांधावर रिकामी करता करता, खाली मान घालून हे सांगितलं. डुओप म्हाताऱ्यानं, त्याच्या शाळेतल्या गुरूनं, हातातलं फावडं थांबवलं. बांधाच्या पलीकडे नजर पोचेल तिथवर पुराचं पाणी होतं. अलीकडे वाथकेर गाव, आणि गावाच्या टोकाला गवती छपराची धर्मशिक्षणाची शाळा. सकाळी शास्त्र आणि दुपारी चिखल, असा इथला अभ्यासक्रम. बांध फुटला तर शास्त्र पोहत पोहत शिकावं लागलं असतं.

"उद्याचा आजार आजच कळला होय तुला?"

"ताप येईल. पोटही बिघडेल."

"दोन्ही?"

"तुम्ही म्हणाल ते."

हसण्यासारखं होतं, पण हसलं कुणीच नाही. उद्या रविवार. शिक्षण पुरं झालेल्या पोरांना प्रभुभोजन देऊन, डोक्यावर हात ठेवून, भांडणाऱ्या दोन्ही कुळांच्या गुरांच्या तळांवर उपदेशक म्हणून धाडायचं होतं. प्याला गुरूनं द्यायचा, पोरांनी ओळीनं प्यायचं, आणि उरलेला शेवटचा घोट गुरूनं घ्यायचा, ही शाळेची रीत. ती डुओपनंच पाडलेली. आणि गेल्या उन्हाळ्यात गुरांवरून झालेल्या मारामारीत डुओपच्या एकुलत्या एका मुलाला, कुआनला, गोळी घातली होती ती या लामच्या थोरल्या भावानं.

आम्हा नुएर जमातीच्या माणसांना यापुढे काही सांगावं लागत नाही. ज्या दोन घरांमध्ये रक्त आहे, त्यांनी एका भांड्यातून खायचं नाही, प्यायचं नाही. प्यायलं तर मरण. ते पिणाऱ्यालाच येतं असंही नाही, पिणाऱ्याच्या ताटाभांड्यातून घरात जे कोवळं असेल त्याला आधी गाठतं. मारणाऱ्यांनी गुरं द्यावीत, पुरोहितानं बैल कापून मधलं रक्त धुवावं, मग मोकळीक. दोन्हीकडच्या मुखियांनी हात मिळवले, तहही झाला, पण द्यायची गुरं पुरानं नेली. तह कोरडा राहिला नि गुरं ओली झाली, असं लोक म्हणायचे.

बातमी आली तेव्हा लाम डुओपच्याच वर्गात बसला होता. "मी जाऊ का?" असं त्यानं विचारलं, तर डुओप म्हणाला, "बस." का म्हणाला ते त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

"पड मग आजारी," असं आता डुओपच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"आम्ही ऐकलं बरं का." हा चुओल. पलीकडे बांबू ठोकत होता. मंडळीतला सगळ्यात खवट म्हातारा, आणि दुर्दैवानं बहुतेक वेळा बरोबर बोलणारा. "माझ्या पोराला वैऱ्याच्या पोराबरोबर पाजलंस तेव्हा कुणाला ताप नाही आला. पाय धरले होते मी तुझे. काय म्हणालास? प्रभूच्या मेजावर भावकी चालत नाही."

"तुझा पोरगा धडधाकट आहे की, चुओल."

"आहे ना. वर्षभर मी त्याचा श्वास मोजत बसलो, ते कुणी भरून द्यायचं? आणि आता स्वतःची पाळी आली तर ताप बोलावतोस. आपला तो बाब्या, होय रे?" त्यानं बांबूवर आणखी एक घाव घातला. "हे पोरगं उद्या आजारी पडलं तर आमच्या बाजूची सगळी पोरं मी होडीत घालून घरी नेतो. मग लामच्या बाजूचीही जातील. तू शिकव इथल्या बेडकांना."

तो पोकळ धमकी देणारा नव्हता. दोन बाजूंची पोरं एका छपराखाली बसतात अशी या भागात ही एवढी एकच जागा उरली होती. ती फुटली की पुन्हा बंदुका, हे डुओपला कुणी शिकवायची गरज नव्हती.

एवढ्यात शाळेचे प्रमुख टिमथी एक खोका घेऊन आले. त्यांच्या कानावरही सगळं गेलेलं होतं.

"जुबाहून मागवलेत," ते हळूच म्हणाले. आत बोटभर उंचीचे प्लास्टिकचे प्याले होते. "ज्याचा त्याचा वेगळा. कुणाला ताप नको, कुणाला पाप नको. मोठ्या शहरांत असंच देतात, पाळकबाबा. देवाला काही फरक पडत नाही."

तो खोका डुओपला इतका हवासा वाटला की त्याची त्यालाच शरम वाटली. "ठेवा मेजाखाली," तो म्हणाला.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा न्याजाल, त्याची बायको, कमळाच्या बिया कांडत होती. कुआनची पोर, न्यामुच, अंगणातल्या कोंबडीला दमदाटी करत होती. तिची आई पुरात तापानं गेली होती. या दोघांना आता एवढंच काय ते उरलं होतं.

"पिणार आहेस म्हणे," न्याजाल म्हणाली. कांडणं थांबलं नाही.

"कोण म्हणतं?"

"सगळा गाव म्हणतो. तूच काय ते म्हणत नाहीस." मुसळ दोनदा पडलं. "माफ केलंस त्यांना, कुआनच्या बापा?"

"नाही."

"मग पितोस कशाला?"

"माफ केलं असतं तर पिणं सोपं होतं."

"मला शास्त्र नको सांगूस."

"शास्त्र नाही हे. माझ्यात काही उरलेलंच नाही, कुआनची आई. वर्गात समेट शिकवतो आणि मनात म्हणतो, त्या भावाला मगर ओढून नेवो. रोज म्हणतो. प्रार्थनेला बसलो की तेवढंच येतं तोंडात."

न्याजालनं मुसळ खाली ठेवलं. "मग नको ना पिऊ. म्हाताऱ्या माणसाला कोण काय म्हणणार आहे? पोरीकडे बघ."

"तुला ते खरं वाटतं?"

"तुला खोटं वाटतं?"

डुओपनं पोरीकडे पाहिलं. आयुष्यभर तो वर्गात सांगत आला होता की रक्ताचा हा धाक जुना आहे, त्याची नांगी मोडलेली आहे. सांगणं निराळं. समोर कोंबडीमागे धावणाऱ्या पोरीचे इवले इवले पाय बघत सांगणं निराळं.

"पिऊन आलास तर मी काय करीन, ते मलाही ठाऊक नाही," न्याजाल म्हणाली आणि पुन्हा कांडायला लागली.

रविवारी छपराखाली पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर बांधावरही दोन्हीकडचे तरुण दोन टोकांना उभे होते. बंदुका त्यांनी होड्यांत ठेवल्या होत्या, पण होड्या फार लांब नव्हत्या. लाम आजारी पडला नव्हता. ओळीत तो सगळ्यात शेवटी उभा होता, म्हणजे त्याच्यानंतर फक्त डुओप.

डुओपनं मेजाखाली पाहिलं. खोका तिथंच होता. टिमथी भुवया उंचावून त्याच्याकडे बघत होते. समोर चुओल हाताची घडी घालून बसला होता आणि त्याच्या शेजारी त्याचा तो पोरगा, ज्याला डुओपनं एके काळी खांद्याला धरून प्यायला लावलं होतं. पोरगा डुओपकडे बघत होता. टोमणा नव्हता त्याच्या नजरेत, नुसती भीती होती, आणि ती डुओपसाठी होती.

डुओपनं एनॅमलचा जुना प्याला उचलला. आत लाल अंबाडीच्या फुलांचं पाणी होतं. प्रत्येकाला तो प्याला देताना 'माले' म्हणत होता, म्हणजे शांती. रस्त्यात कुणी भेटलं तरी आम्ही हेच म्हणतो, दिवसातून शंभरदा म्हणतो, आणि देशात ती औषधालाही सापडत नाही.

लामपाशी आल्यावर डुओपनं प्याला पुढे केलाच नाही. पोराचं कपाळ, कानाची ठेवण, सगळं त्या भावासारखंच असणार. लाम हात पुढे करून थांबला. सगळं छप्पर थांबलं.

"पाळकबाबा," लाम पुटपुटला, "अजूनही पडतो मी आजारी. इथंच पडतो."

"उभा राहा नीट," डुओप म्हणाला. मग मोठ्यानं म्हणाला, "माले."

लाम प्यायला. त्याचे दात प्याल्याच्या कडेवर वाजले. डुओपनं प्याला परत घेतला, फिरवला नाही, पुसला नाही, जिथं लामचे ओठ लागले होते तिथंच आपले लावले आणि तळापर्यंत प्यायला.

आता काहीतरी होईल असं त्याला वाटलं होतं. आभाळ नाही उघडलं तरी छातीतला दगड जरा हलेल, एवढी आशा होती बिचाऱ्याला. काही झालं नाही. अंबाडी आंबट होती. कुआन मेलेलाच होता.

बाहेर बांधावरची पोरं हळूहळू पांगली. चुओल उठून पुढे आला आणि डुओपच्या दंडाला धरून, जरा जास्तच घट्ट धरून म्हणाला, "म्हाताऱ्या, गाढव आहेस तू." त्याच्या बाजूची पोरं शाळेतच राहिली. लाम त्याच दुपारी आपल्या सोबत्याबरोबर होडीतून तळावर गेला. सोबती कुआनच्या कुळातला होता.

डुओप घरी आला. दारातून नेहमीसारखा आत जाणार, तोच त्याला दिसलं. अंगणाच्या कडेला, काटेरी झाडाखाली, जेवायचा एक नवा कोरा, पोखरलेला भोपळा ठेवला होता. त्यात ज्वारीच्या कण्या, वर भाजलेला मासा. शेजारी पाण्याचं वेगळं मडकं. मासा चांगला मोठा होता, घरातला सगळ्यात मोठा तोच असावा. न्याजाल दारात पाठमोरी उभी होती. तिचे खांदे हलत होते.

न्यामुच रोज आजोबाच्याच भोपळ्यात हात घालून जेवायची. तिनं त्याला पाहिलं आणि ती धावत सुटली. न्याजालनं वळून तिचं मनगट पकडलं. पोरगी ओरडली, हिसके द्यायला लागली, आजीच्या हाताला चावली.

न्याजालनं डुओपकडे पाहिलं. त्यानं काहीतरी बोलावं म्हणून ती थांबली होती. हे सगळं खोटं आहे, सोड तिला, असं तो म्हणाला असता तर तिनं सोडलं असतं.

"धर तिला," डुओप म्हणाला. "नीट धर."

मग त्यानं भोपळा उचलला, पोरीचा हात कधीच पोचणार नाही इतका लांब नेला, आणि घराकडे पाठ करून जेवायला बसला.